चार बोटांची खिडकी

माझ्या लग्नाच्या ब्लाउजच्या पाठीला एक भोक होतं आणि त्या भोकावरून दोन घरांची बैठक बसली होती. मानपान, वरातीतला डीजे, जेवणात बासुंदी की गुलाबजाम, कशावरूनही आमचं अडलं नाही. अडलं ते पाठीवर.

भोक हा शब्द आईचा. "चांगल्या कापडाला भोक पाडायचं अन् वर शिलाई द्यायची? अक्कल हाय का?" असं ती म्हणायची. मी कटआउट म्हणायचे. मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, तिचं वडवणीत बसस्टँडच्या मागं शिलाईचं दुकान आहे. ती खिडकी म्हणायची. तिच्याकडं येणाऱ्या पोरी सरळ "मावशी, मला खिडकीचं शिव" असंच सांगायच्या.

मी ते डिझाइन पहिल्यांदा बघितलं अंबाजोगाईला, होस्टेलवर. मी फार्मसीला होते. औषधांची नावं पाठ करायची सोडून आम्ही रूममधल्या तिघी मोबाइलवर नवऱ्यांच्या पाठी बघत बसायचो. नवऱ्या म्हणजे नवरी मुली, गैरसमज नको. त्यातल्या एकीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, उभी कोयरी कापलेली होती. काठाला सोनेरी पायपिंग, वर मानेशी दोन हूक, बाकी पाठ झाकलेली. मला ती कोयरी इतकी आवडली की नवरा कोण हे ठरायच्या आधी माझी पाठ ठरली.

नवरा पुढं यथावकाश ठरला. बीडचा, आमच्याच समाजातला, घरचं कापडाचं दुकान. बघायला आले तेव्हा त्यानं पोह्यातली मिरची गुपचूप बाजूला काढली आणि सगळे बोलण्यात गुंतल्यावर ती उचलून खाल्ली. हा माणूस मला बरा वाटला. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा बोलके, आत्या गप्प. मामांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे काका, तरुणपणी तालमीत होते. आता तालीम सुटलेली, पण खुराक तोच.

बस्ता अर्थातच मामांच्या दुकानात. लग्नाची कापडखरेदी दुसऱ्या दुकानात केली असती तर लग्नच मोडलं असतं. आम्ही गादीवर मांडी घालून बसलो होतो. साड्यांचा ढीग पडला होता. शालूचं ठरलं, मग त्याच्या ब्लाउजच्या कापडाची वेळ आली. मामांनी ठाण उलगडलं, मीटरपट्टी लावली आणि कात्री उचलली.

"शेठ, येवढं न्हाई लागत," मावशी म्हणाली. "पाठीला कटआउट हाय."

मामांची कात्री हवेतच राहिली. "काय हाय?"

"कटआउट."

मामांनी मान वळवून दाराबाहेर बघितलं. समोर चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं कटआउट उभं होतं. दोन मजली, हात जोडलेलं, पायाशी एक बकरी बांधलेली.

"पाठीवर?" मामा म्हणाले. "कोनाचं लावायलात?"

मी खाली मान घातली, कारण मला हसू आवरेना. मावशीला मात्र धंद्याच्या गोष्टीत हसू येत नाही. तिनं बोटानं हवेत कोयरी काढून दाखवली. "तसलं न्हाई हो. पाठीला असं कापायचं. खिडकीवानी."

"अन् त्या खिडकीत काय बसवायचं? जाळी?"

"काहीच न्हाई."

"काहीच न्हाई?"

"पाठ असती की आत," मावशी म्हणाली.

दुकानातली माणसं साड्यांच्या घड्या घालत होती, ती थांबली. मामांनी कात्री खाली ठेवली. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. "बाई, आमचा तीन पिढ्यांचा कापडाचा धंदा. उद्या समदं बीड म्हनंल, कापडवाल्याच्या सुनेच्या पाठीला कापड पुरलं न्हाई."

"म्हनंल काय," काका कोपऱ्यातून म्हणाले, "म्हनायलाच बसल्यात लोक."

मी घरून उत्तरं तयार करून आले होते. कुणी संस्कृती काढली तर एक, लोकलाज काढली तर एक, आजकालच्या पोरी असं कुणी म्हणालं तर जरा तिखट असं तिसरं. पण मामांनी यातलं काहीच काढलं नाही. त्यांनी मालाचा प्रश्न काढला आणि माझी तिन्ही उत्तरं वाया गेली. आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या एका साडीचा काठ बोटांनी चाचपत राहिल्या.

दोन-तीन दिवसांनी मामा आणि काका वडवणीला आले. पुढं आमचं किराणा दुकान आणि मागं घर. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि त्यांना आतल्या खोलीत बसवलं. आम्ही तिघी, मी, आई आणि मावशी, पडद्याआड स्वयंपाकघरात. आई शिरा परतत होती आणि कान बाहेर होते.

आईचं एक सांगितलं पाहिजे. बस्त्याच्या दिवसापर्यंत ती त्या भोकाच्या विरोधात होती. व्याही विरोधात आहेत म्हटल्यावर ती एका रात्रीत भोकाच्या बाजूनं झाली. "माझ्या लेकीची पाठ," ती शिऱ्याला उलथनं मारत म्हणाली, "ह्येन्ला काय करायचं?"

बाहेर चहा झाला. पाऊसपाणी झालं, तुरीचा भाव झाला, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग मामांनी घसा साफ केला.

"ते... पोरीच्या त्या कापडाचं काय करायचं?"

"कोनत्या?" आप्पा म्हणाले. त्यांना चांगलं माहीत होतं.

"ते... वरचं."

"हा, ती वस्तू," काका म्हणाले.

मामा दिवसभर दुकानात ब्लाउजपीस, ब्लाउजपीस ओरडत असतात. पण होणाऱ्या सुनेचं म्हटल्यावर तो शब्द त्यांच्या घशातच बसला. पुढची सगळी बैठक 'ती वस्तू', 'तो भाग' आणि 'तिथलं ते' यांवर चालली. पडद्याआड मावशीनंसुद्धा तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

आप्पा आयुष्यभर तराजूच्या मागं बसलेले. दोन्ही पारड्यांचं भलं बघायची त्यांना सवय. "हे बघा इवाई," ते म्हणाले, "समदं बंद करू न्हाई अन् समदं उघडं ठेवू न्हाई. मधलं काहीतरी काढा."

"मधलं म्हंजे?"

काकांनी मांडीवर थाप मारली. "चार बोटं! चार बोटांच्या वर न्हाई. बस, मिटवा."

चार बोटं म्हटल्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. शब्दच तसा आहे, त्यात काही अश्लील नाही. आमच्याकडं हौदातलं पाणीही चार बोटं असतं. आप्पा "चार बोटं बरोबर हाय" म्हणाले, मामा "चार बोटं चालतंय" म्हणाले. तेवढ्यात मावशी गळ्यात टेप घालून पडदा सारून बाहेर गेली.

"कोनाची?" तिनं विचारलं.

"काय कोनाची?"

"बोटं. माझी धरली तर येवढी हायत. पोरीची धरली तर त्येच्याहून बारीक. तुमी मोठी मानसं, उद्या म्हनताल आमी असं न्हाई म्हनलतो. आत्ताच माप घेते."

काकांना हा अपमान वाटला. "कोनाची म्हंजे काय? शब्द ज्यानं दिला त्येची!" आणि त्यांनी आपला पंजा चहाच्या कपांमध्ये आडवा ठेवला.

तो पंजा मी पडद्याच्या फटीतून बघितला. एकेक बोट वेलची केळ्याएवढं. तालमीची माती आणि नंतर दुकानातले गठ्ठे, दोन्ही त्या हातानं उचललेलं. मावशीनं गंभीर चेहऱ्यानं त्या चार बोटांवर टेप धरली आणि खडूनं आपल्या तळहातावर आकडा लिहून घेतला. मामा कापडवाले. मापाची नजर त्यांनाच. त्यांच्या ध्यानात आलं, पण उशिरा. आता भावाचा शब्द गेलेला. आपल्या भावाची बोटं जाड आहेत असं व्याह्यांच्या घरी कसं म्हणणार?

"जरा बोटं जवळ घे बे," ते हळूच म्हणाले.

"जवळच हायत की," काका म्हणाले.

अशा रीतीनं मला हवी होती त्यापेक्षा माझी खिडकी मोठी झाली. आणि ठरली होती ती फक्त रुंदी. उंचीचं बैठकीत कुणी काढलंच नाही, आणि मावशीनंही आठवण करून दिली नाही. शिरा सगळ्यांनी दोनदा घेतला.

संध्याकाळी होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. "काय ठरलं?"

"चार बोटं."

त्यानंही तेच विचारलं, "कोनाची?"

"काकांची."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "मंग तर अर्धी पाठ गेली," तो म्हणाला. मला मिरचीच्या वेळी नुसता बरा वाटला होता. आता पक्का वाटला.

लग्न उन्हाळ्यात, दुपारचं. कार्यालय बीडजवळच्या पालीच्या अलीकडं, रस्त्यालगत. धरणाकडून वारं येतं असं बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं. आलं ते तव्यावरून आल्यासारखं आलं.

ब्लाउज अप्रतिम झालं होतं. सकाळी पार्लरवालीनं मला दोन आरसे लावून पाठ दाखवली तेव्हा मी तिला आरसे खाली ठेवूच देईना. गडद जांभळ्या कापडात ती कोयरी अशी बसली होती की जणू पाठ त्यासाठीच होती. पायपिंगला कुठं चुणी नाही, टोकाला कुठं ताण नाही.

मग तिच्यावर शालूचा पदर आला. पदरावर शेला आला. अंबाड्याला गजऱ्यांची जाळी आली, ती पार मानेखाली लोंबत होती. म्हणजे ज्या खिडकीसाठी दोन घरांची अब्रू पणाला लागली, ती जगातल्या एकाही माणसाला दिसत नव्हती. बैठकीत कुणालाच कसं सुचलं नाही? लग्नातल्या नवरीची पाठ दिसतच नाही! मलाही सुचलं नव्हतं हो. होस्टेलवर बघितलेल्या फोटोतल्या त्या नवऱ्या बहुतेक लग्न लावायला उभ्याच नव्हत्या, नुसत्या पाठ करून उभ्या होत्या.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात, रंगवलेल्या. आणि लोक त्या टाकत नाहीत, मारतात. मागच्या रांगेतल्यांना नवरा-नवरीपर्यंत पोचायचं असतं, त्यामुळं गोफणीसारखा हात फिरवतात. प्रत्येक 'सावधान'ला मुठीच्या मुठी डोक्यावर येत होत्या. तिथून मानेवर, मानेवरून पदराच्या आत, आणि पदराच्या आत काकांच्या चार बोटांची खिडकी सताड उघडी.

पहिले दाणे आत गेले तेव्हा नुसतं गार वाटलं. मग ते घामानं चिकटले. खिडकीच्या खाली ब्लाउज घट्ट, तिथं ज्वारी साठायला लागली. मंगलाष्टकं संपेपर्यंत माझ्या पाठीत एक छोटं कोठार झालं होतं. आणि खाज! हात मागं नेता येत नाही, कारण हातात हार. बसता येत नाही, वाकता येत नाही. मी खांदे हलवून ते दाणे खाली सरकवायला बघत होते.

खाली मांडवात एक बाई म्हणाली, "पोरगी रडायली गं."

झालं. आईकडच्या बायकांनी पदर डोळ्याला लावले. आई स्वतः हुंदके द्यायला लागली. व्हिडिओवाला पळत आला आणि माझ्या हलणाऱ्या खांद्यांवर त्यानं कॅमेरा लावला. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत त्या जागी आजही करुण सनई वाजते.

हार घालून शेजारी उभं राहिल्यावर नवऱ्यानं मान न वळवता विचारलं, "रडायलीस का?"

"ज्वारी," मी ओठ न हलवता म्हणाले.

"काय?"

"ज्वारी गेली आत. पाठीत."

तो समोर बघत राहिला. मग त्याचेही खांदे हलायला लागले. "जावई बी लई हळवा हाय," असं त्यावर मांडवात बोललं गेलं.

त्या सगळ्या गर्दीत खरं काय चाललंय ते एकट्या आत्यांनी ओळखलं. बस्त्यापासून त्या एका शब्दानं या प्रकरणात पडल्या नव्हत्या. आता त्या स्टेजवर आल्या, माझा दंड धरला, "चल" म्हणाल्या आणि मला नवरीच्या खोलीत घेऊन गेल्या. आतून कडी लावली. शेला काढला, पदर सोडला, हूक काढले.

ज्वारी फरशीवर सांडली. पंखा लावलेला, त्यामुळं ती खोलीभर पळाली.

"अगं बाई," आत्या म्हणाल्या, "एका भाकरीची हाय की ही!"

त्यांनी टॉवेल ओला करून माझी पाठ पुसली. हूक परत लावले. मग त्या मागंच उभ्या राहिल्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं, आता खरी बैठक बसणार.

"ह्येच्यासाठी गेलते व्हय दोघं वडवणीला?" त्या म्हणाल्या. त्यांचं बोट कोयरीच्या काठावरून सावकाश फिरत होतं. "हात चांगला हाय तुझ्या मावशीचा."

मी पायानं फरशीवरची ज्वारी गोळा करायला लागले.

"माझ्या लग्नात मी जावेचं ब्लाउज घातलतं," आत्या म्हणाल्या. "दुकानात ठाणावर ठाण पडल्यालं. पन शिवायला येळ न्हाई म्हनले. जाऊ होती दांडगी, मी ही अशी काडी. मंग मागनं पिनाच पिना लावल्या. वाकलं की टोचायच्या. अन् समद्या भावकीच्या पाया पडायचं होतं."

"मग?"

"मंग काय, पडले. एकेकाच्या पायाशी डोळ्याला पानी. लोक म्हनले, पोरगी मायेची हाय, लई रडती."

मी वळून बघितलं. त्या हसत होत्या, तोंडावर हात धरून, आवाज न करता, सगळं अंग हलवत. मग मीही हसले. मला त्यांची थोडी दयाही आली होती, पण तसं दाखवलं असतं तर त्यांना आवडलं नसतं. बाहेरून कुणीतरी कडी वाजवली आणि "फोटोला चला" म्हणालं. आम्हाला दोघींना उत्तर देता येईना.

जाताना आत्यांनी शेला घडी करून पिशवीत टाकला. गजरे काढून खुर्चीवर ठेवले. पदराच्या बारीक निऱ्या करून त्या खांद्यावर पिन केल्या, आणि सगळी पाठ मोकळी सोडली.

"मामा?" मी विचारलं.

"उकडायलंय. येवढ्या उन्हात शेला कावून पाहिजे?" त्या म्हणाल्या, आणि दार उघडलं.

स्टेजवर चढताना पाठ मांडवाकडं होतेच. मागचा गलका एकदम खाली आला, एवढं मला कळलं. वर काका उभे होते. त्यांनी माझ्या पाठीकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं बघितलं आणि तो हात खिशात घातला.

मामा पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसले होते. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. भरल्या दुकानात ठाणाला मधोमध कसर लागलेली दिसावी, तसा. ते उठले. काय बोलणार होते कुणास ठाऊक, पण त्यांच्या शेजारच्या बाईंनी आधी तोंड उघडलं. त्या दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक, दोन लेकी लग्नाच्या.

"शेठ, ह्ये कापड तुमच्याच दुकानातलं का?"

मामा थांबले. "म्हंजे? आमचंच."

"अजून हाय का त्यात?"

त्यानंतरचा तासभर मी दुकानातल्या फिरत्या पुतळ्यासारखी होते. मामा एकेका पाहुणीला स्टेजवर घेऊन यायचे आणि म्हणायचे, "फिर गं बाई जरा. हे बघा, चमक बघा. अन् काठ बघा." मी फिरायचे. माझा विजय झाला होता, मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला जरा रागच आला. इतकी भांडून मिळवलेली माझी पाठ होती, आणि ती दुपारभरात दुकानाचं सॅम्पल झाली. नवऱ्याला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "मला तर ते जन्मापासून फिरवायलेत."

दिवाळीला दुकानाच्या काचेत एक पुतळा आला, रस्त्याकडं पाठ करून उभा. बायका काचेला नाक लावून बघायच्या. मावशीला बीडहून कामं जायला लागली. कापड मात्र मामा सगळ्यांना पुरतं मीटरभरच फाडून द्यायचे. कुणी म्हणालं, शेठ, खिडकीचं आहे, कमी लागेल, तर ते गंभीर व्हायचे. "बाई, खिडकी काढायला आधी भिंत लागती." हे वाक्य त्यांचं स्वतःचं आहे, आणि ते दिवसातून बरेचदा वापरतात.

मी आता बीडमध्येच एका मेडिकलवर बसते. गेल्या वर्षी मावशी मुक्कामाला आली तेव्हा आत्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात बाजूला पसरले. "माप घे." तोवर त्यांनी कधी माप दिलंच नव्हतं. जुनं ब्लाउज पाठवायचं, त्यावरून नवं शिवून यायचं, त्यावरून पुढचं. जुन्या मापातच त्या बसत गेल्या.

मावशीनं टेप लावली. "तुमालाबी काढू का खिडकी?"

"खिडकी काय करायची मला? खिसा काढ."

"खिसा?"

"आतून. डाव्या अंगाला. मोबाइल मावंल येवढा."

मावशीनं शिवून दिला, वर झाकण आणि टिचबटण लावून. आता आत्यांचा मोबाइल दिवसभर तिथंच असतो, आवाज बंद करून, नुसता थरथरता. मामांना दुकानातून दर तासाला फोन करायची सवय. चहा पाठव, डबा कधी येतो, अमक्याच्या घरी कोण गेलं.

परवा सुट्टी होती. आम्ही दोघी गवार मोडत बसलो होतो. त्यांच्या छातीशी घुर्रघुर्र सुरू झालं. त्या गवार मोडत राहिल्या. घुर्रघुर्र थांबलं, परत सुरू झालं.

"उचला की आत्या," मी म्हटलं. "मामा असतील."

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "गुदगुल्या होत्यात."